मथळ्याखालचं कोरं पान

दिवाळीच्या सुट्टीत गृहपाठ देणारी बाई कुणाला आवडत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी तो दरवर्षी दिला. हिंगणघाटच्या एका कॉलेजात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लेखनाचा विषय शिकवत असे. प्रवेश, बसचे पास, पुस्तकं हे सगळं होईपर्यंत आमचं सत्र नेहमीच उशिरा सुरू व्हायचं आणि दिवाळी बरोबर त्याच्या मध्यावर यायची. सुट्टीच्या आदल्या दिवशी मी फळ्यावर तीन नियम लिहायला घेतले की वर्गातून एक लांब सुस्कारा ऐकू येई. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मॅडम, चिवडा खाऊ का हे लिहू?"

"चिवडा कोण करतं घरी?" मी विचारलं.

"आई."

"मग तेच लिही."

या अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला हा गृहपाठच आठवला. इतकी वर्षं मी तो दुसऱ्यांना दिला आणि स्वतः कधी केला नाही. माझ्या घरातलं एक माणूस दर दिवाळीला मला याची आठवण करून देत असे. ते माणूस गेल्या वर्षी गेलं, आणि गृहपाठ तसाच राहिला होता.

नियम सोपे होते. पहिला, घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाचं एक काम निवडायचं आणि त्या माणसाशेजारी बसून ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहायचं. दुसरा, तीन पानं लिहायची, पण त्यात कौतुकाचा एकही शब्द नको. 'कष्टाळू', 'माऊली', 'घामाचे मोती' हे शब्द मी फळ्यावर लिहून त्यांवर काट मारत असे. तिसरा, लिहिलेलं त्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि त्याला त्यात काय चुकीचं वाटलं ते त्याच्याच शब्दांत शेवटच्या पानावर लिहायचं. त्या पानाला मथळा ठरलेला होता: 'त्यांचं म्हणणं'.

बाहेरच्या माणसाला वाटेल, लेखन शिकवतात म्हणजे सुंदर शब्द शिकवतात. माझ्या अनुभवात तो धंदा बराचसा उलटा आहे. मुलं सुंदर शब्द घेऊनच येतात, ते हळूहळू खाली ठेवायला लावावे लागतात. 'माझी आई दिवसभर राबते' हे वाक्य वर्गातल्या प्रत्येकाकडे असतं. आई पोळी उलटताना कुठलं बोट वापरते, हे फार थोड्यांकडे असतं. ज्याला बोट दिसलं, त्याला पुढचं मी फारसं शिकवू शकले नाही. तशी गरजही पडली नाही.

तिसरा नियम माझा नव्हता. तो माझ्या यजमानांचा, मनोहरांचा. बोलताना मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. आता लिहिताना घेते. गावाबाहेर वणा नदीच्या काठी आमची भाजीपाल्याची वाडी आहे. मनोहर बारावीपर्यंत शिकले आणि मग वांगी, पालक आणि सांभार यांत रमले. सांभार म्हणजे पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका वर्तमानपत्रात वांग्याच्या रोपांबद्दल एक छोटा लेख लिहिला. पहाटेचं कोवळं ऊन, रोप लावणारे हात, असं सगळं त्यात होतं. छापून आला तेव्हा मी तो हौसेनं वाडीत नेला. मनोहरांनी हात धुतले, पायजम्याला पुसले आणि उभ्या उभ्या वाचला.

"मस्त लिह्यलं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण असं कोणी करत नाई."

"काय करत नाही?"

"सकाळी रोप लावशीन तं दिवसभराच्या उन्हानं जीव जाईन ना त्याचा. आपण संध्याकाळी लावतो, ऊन उतरल्यावर. रातभर त्याले थंडावा भेटते. मले इचारलं असतं तं सांगतलं असतं. मी इथंच तं होतो."

मी फार शरमले. रागावलेही, कारण पहाटेचं ऊन हाच त्या लेखातला मला सर्वांत आवडलेला भाग होता. पुढच्या दिवाळीला फळ्यावर तिसरा नियम आला. मनोहरांवर मात्र मी त्यानंतर एक ओळही लिहिली नाही. दर सुट्टीत मी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले की ते विचारत, "मॅडम, सगळ्यायचा होमवर्क आला. तुहा कुठी हाय?"

त्या नियमानं मला बरेच हसण्याचे दिवस दाखवले. एका मुलानं वडिलांच्या सलूनबद्दल लिहिलं. सुट्टी संपल्यावर तिसऱ्या दिवशी वडील स्वतः स्टाफरूमच्या दारात उभे, हातात वस्तरा. शिपाई दोन पावलं मागे सरला.

"मॅडम," ते म्हणाले, "पोट्ट्यानं लिह्यलं का मी वस्तरा खालून वर फिरवतो. पह्यले वरून खाली, मंग खालून वर. कॉलेजात चुकीचं जमा व्हायले नको."

आमच्या इतिहासाच्या सरांची दाढी दोन दिवसांची होती. त्यांना खुर्चीत बसवून वडिलांनी प्रात्यक्षिक सुरू केलं. एक गाल झाला आणि तासाची घंटा वाजली. सर तसेच वर्गावर गेले.

आणि एका वर्षी जवळजवळ सगळ्याच वह्यांच्या शेवटच्या पानावर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वर्गात विचारलं, "ज्यांच्या आईच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं, त्यांनी हात वर करा." एकच हात वर आला. त्याची आई तेव्हा कांदा चिरत होती.

मनोहर माझे दुसरे परीक्षक होते. रविवारी मी वह्या घेऊन वाडीत जात असे. लिंबाच्या झाडाखाली खाट होती. तिथे बसून ते एकेक वही वाचत आणि मधूनच म्हणत, "हा खोटं बोलून राह्यला. याच्या बापानं जिंदगीत चूल नाई पेटवली." गावोगावची माणसं त्यांच्या ओळखीची होती, त्यामुळे त्यांना फसवणं अवघड होतं. गुण मी देत असे, पण कुठली वही दुसऱ्यांदा वाचायची ते त्यांच्याकडे पाहून ठरत असे.

तर सुजाताची वही. याला आता चौदा वर्षं झाली असतील. सुजाता वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिची आई कांताबाई आमच्याच वाडीत कामाला येत. सहा वर्षं येत होत्या. मी वाडीत गेले की "जयभीम, ताई" म्हणत, मी "जयभीम" म्हणे, आणि आमचं बोलणं तिथे संपे. सुजातानं आईवर लिहिलं होतं. सांभाराच्या जुड्या बांधण्यावर. त्यातला एक भाग इथे देते. हे तिच्या वहीतले शब्द आहेत, त्यात माझं काही नाही. धुरा म्हणजे शेताचा बांध.

'आई जुडी बांधताना सांभाराकडे पाहत नाही. ती धुऱ्यावरच्या बोरीकडे पाहते. हातात किती काड्या आल्या ते तिचा अंगठा ठरवतो. मुळं खाली करून ती जुडी मांडीवर दोनदा आपटते. माती पडते. केळीच्या सोपटाची भिजवलेली पट्टी ती दातात धरते. एक वेढा, दुसरा वेढा, गाठ. मग जुडी ओल्या बारदानाखाली जाते आणि आई पुन्हा बोरीकडे पाहते.'

अशी तीन पानं. मी ती वाचली तेव्हा माझा चहा निवला होता. आणि चौथ्या पानावर, 'त्यांचं म्हणणं' या मथळ्याखाली, काहीच नव्हतं. कोरं पान.

मी शिक्षक आहे. मला चांगल्या मुलाचा आळस वाईट मुलाच्या आळसापेक्षा जास्त लागतो. वाटलं, एवढं लिहिलं आणि शेवटी कंटाळली. मी लाल पेननं 'अपूर्ण' लिहिलं, जेमतेम उत्तीर्ण होण्यापुरते गुण दिले आणि वही गठ्ठ्यात टाकली. आणखी एक केलं, ते सांगायला अजून जड जातं. वह्या परत देताना वर्गासमोर म्हणाले, "कोरं पान मी चालवून घेत नाही." सुजातानं वही घेतली आणि दप्तरात ठेवली.

नेमक्या त्या वर्षी मनोहरांनी वह्या वाचायच्या आधीच मी त्या परत दिल्या होत्या. वाडीत खत आलं होतं, त्यांना वेळ नव्हता. सुजाताची वही एवढी चांगली का वाटली आणि राग का आला, हे मी त्यांना सांगत बसले, तेव्हा ते म्हणाले, "आन ते वही. मले पाहू दे." मी दुसऱ्या दिवशी सुजाताकडून ती मागून घेतली. त्यांनी खाटेवर बसून वाचली. एकदा, मग पुन्हा. मग वही उघडी ठेवून पलीकडे पाहिलं. तिथे कांताबाई पालकाच्या वाफ्यात निंदण करत होत्या.

"अपूर्ण काऊन?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नियम आहे. आईचं म्हणणं लिहिलंच नाही."

"पोट्टीले इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं.

"तू कांताबाईले कधी बोलतानी पाह्यलं? सहा वर्षांत? ते हो म्हणते, नाई म्हणते, जयभीम म्हणते. बाकीच्या पोट्ट्यायनं मायच्या तोंडात आपले शब्द टाकले. या पोट्टीनं नाई टाकले." मग जरा थांबून म्हणाले, "अन् दुसरी गोष्ट. हे कांताबाई कोणाच्या वाडीत काम करते? अन् हा कागद कोणाच्या हातात जाणार होता? तिनं काय म्हणावं त्याच्यावर?"

आमच्या संसारात ते मला असं फार थोड्या वेळा बोलले. म्हणूनच लक्षात राहिलं.

मी सुजाताला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठलं. तिनं शांतपणे सांगितलं. "वाचलं होतं मॅडम. पाडव्याच्या दिवशी. आमच्याकडे दिवाळीचं तेवढं नसते, मले पूर्ण सुट्टी भेटली. आईनं सगळं ऐकलं. मग उठून पाणी भरायला गेली. मी ते लिहिणार होती. पण तुम्ही म्हणल्या होत्या, फक्त त्यांचे शब्द."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. माहिती दिली तिनं.

तिच्या वहीतलं 'अपूर्ण' मी खोडलं, गुण बदलले आणि पुढच्या तासाला वर्गासमोरच सांगितलं की चूक माझी होती. जुड्यांचं ते पान मला वर्गात वाचून दाखवायचं होतं. "आईले विचारून सांगते," सुजाता म्हणाली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "नको म्हणते." मग मी ते कुठल्याच वर्गात वाचलं नाही. तिसऱ्या नियमाला मात्र एक ओळ जोडली: माणूस काही बोललं नाही, तर ऐकल्यावर त्यानं काय केलं ते लिहा. मला वाटतं, माझ्या नोकरीत मी लिहिलेली ती सर्वांत चांगली ओळ असावी, आणि ती मला दुसऱ्यांनी शिकवली.

सुजाता आता सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात आहे. रुग्ण आला की त्याच्याजवळ बसून त्याची हकीगत लिहून घेणं, घरी कोण आहे, काय त्रास होतो, कशाची भीती वाटते, हे तिचं काम. दोन वर्षांपूर्वी मनोहरांना तिथे नेलं, तेव्हा वही घेऊन आली ती सुजाताच. तिनं सगळं लिहून घेतलं आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "भाऊ, आता वाचून दाखवते. चुकलं तं सांगा."

मी भिंतीशी उभी होते.

सुजातानं वाचलं, "दोन महिन्यांपासून जेवण कमी झालं आहे."

"हे चूक हाय," मनोहर म्हणाले. "जेवण कमी नाई झालं. वांग्याची भाजी नको वाटते. आपल्या वाडीतलं वांगं नको वाटते मले. तसं लिह्य."

तिनं आधीचं खोडून तसं लिहिलं. असं ती प्रत्येकाला वाचून दाखवते का, मी नंतर विचारलं. "हो. सगळ्यांना वेळ नाही भेटत, पण दाखवते. पहिल्यांदा सांगितलेलं खरं असते, पण पुरतं नसते, मॅडम." इतकी वर्षं मी जे फळ्यावर शिकवायला धडपडले, ते तिनं चालता चालता सांगून टाकलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

त्या दिवसांत मनोहर मला चिडवत. "लिह्य ना आता. मी इथंच हाय, पळून नाई जात." मी म्हणे, "बरे व्हा, वाडीत बसून वाचून दाखवीन." मला खाटेशी बसून लिहिणं अशुभ वाटलं. एवढी शिकलेली मी, आणि हे. श्रावणात ते गेले.

गेल्या दिवाळीत घर फारच रिकामं होतं. मी निवृत्त झालेली, मला आता सुट्टी ती काय असणार. तरी कॉलेजची सुट्टी लागली त्या दिवशी मी वही घेतली आणि नियम पहिल्या पानावर लिहिले. काम निवडलं ते वांग्याचं रोप. पहिल्या लेखातली चूक तरी सुधारावी म्हणून. शेजारी बसून पाहण्याचा नियम मोडलेलाच होता. वह्या, परीक्षा, घर, यांतून संध्याकाळी वाडीत जाऊन मी कधी बसले नव्हते. धुऱ्यावर उभी राहून चार-दोनदा हाक मारली असेल, तेवढंच. त्या आठवणीवर लिहीत गेले. ऊन नदीपलीकडे उतरतं, मनोहर रोपांची टोपली घेऊन वाफ्यात येतात, वाकून बोटानं खड्डा करतात, रोप ठेवतात, अंगठ्यानं माती दाबतात. 'मायेनं' असं लिहिलं होतं, ते खोडलं. 'शांतपणे' लिहिलं, तेही खोडलं. रोज चार-पाच ओळी होत. सुट्टी संपता संपता तीन पानं झाली.

मग तिसरा नियम. मी सुजाताला फोन केला आणि विचारलं, ज्याच्यावर लिहिलं तो माणूसच नसेल तर काय करायचं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं होतं का?

"नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. "पण ज्यानं ते काम जवळून पाहिलं, त्याला वाचून दाखवता येईन ना. आई आहे की वाडीत." मग हसली. "ती काही बोलणार नाही, मॅडम. तयारीनं जा."

वाडी आता कांताबाईच पाहतात. मी गेले तेव्हा त्या लिंबाखाली बसून सांभाराच्या जुड्या बांधत होत्या. केस पांढरे झालेत, अंगठा तोच. "जयभीम, ताई," म्हणाल्या. मी "जयभीम" म्हणाले आणि खाटेवर न बसता त्यांच्यासमोर खाली बसले. सांगितलं, भाऊंवर लिहिलंय, ऐका. त्यांनी मान हलवली. मी वाचलं. माझा आवाज दोनदा थांबला. त्यांचे हात थांबले नाहीत. वाचून झालं. त्यांनी हातातली जुडी पुरी केली, बारदानाखाली सारली, उठल्या आणि हौदाकडे गेल्या. पाण्याचा आवाज आला. मी पेन काढलं. म्हटलं, ठीक आहे. त्या उठून पाण्याकडे गेल्या, असंच लिहायचं.

तोंड धुऊन, पदरानं पुसत त्या परत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"संध्याकाळचं बराबर लिह्यलं," त्या म्हणाल्या. "पण रोप भाऊ नोते लावत. मी लावत होती."

मी पेन वहीवरून उचललं.

"भाऊची कंबर धरत होती ना. एक ओळ लावत अन् उभे राहून जात. मंग मी पुढं पुढं रोप लावत जाय, अन् ते मांगून पाणी सोडत. तुम्ही धुऱ्यावरून पाह्यलं. अंधारात वाकलेलं माणूस दिसते, कोण वाकलं ते नाई दिसत." त्यांनी हाताचा तळवा माझ्यापुढे आडवा धरला आणि अगदी सावकाश कलता केला. "भाऊ पाणी असं सोडत. आत्ताच लावलेलं रोप, पण एक पान नाई हालत. तसं पाणी इकडं कोणाले सोडता येत नाई. मलेबी नाई येत. ते लिह्या."

एवढं सलग बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते. धीर करून विचारलं, "सुजातानं वाचून दाखवलं होतं, तेव्हाही तुम्हाला काही म्हणायचं होतं का?"

"होतं ना."

"काय?"

"तिनं लिह्यलं का माय बोरीकडं पाह्यते. मी बोरीकडं नोती पाहत. बोरीच्या मांगं सडक हाय. पोट्टीची कॉलेजातून बस आली का, ते पाह्याची सवय. सुट्टीतबी नजर तिकडंच जाय."

मी मागे वळून पाहिलं. बोर अजून आहे. तिच्या फांद्यांतून सडक दिसत होती. एवढी वर्षं ती तिथेच होती.

सुजाताचं ते पान छापायची परवानगी मी तेव्हाच मागितली. "छापा," कांताबाई म्हणाल्या, "पण बस टाका त्याच्यात." पान तसंच ठेवलं, बस या लेखात टाकली आहे. मग मी माझी वही मिटायला लागले. घरी जाऊन, शांतपणे, नीट शब्दांत लिहावं, असा माझा विचार होता.

"बंद काऊन करता?" त्या म्हणाल्या, आणि पुढची जुडी हातात घेतली. "लिह्या इथंच. सुजी म्हणे, तुम्ही कोरं पान चालवून घेत नाई."